कोरडवाहू शेतीचे संशोधन आणि आपण कलाशाखेचे विद्यार्थी

(बी. ए. द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र)

बारावीचा निकाल लागल्यानंतर गावात ज्या ज्या माणसाने मला "आता पुढं काय?" असे विचारले, त्या प्रत्येकाने माझे उत्तर ऐकून जवळजवळ एकच उद्गार काढला. "शेतकऱ्याचं पोरगं तू, ॲग्रीला जायचं सोडून आर्टला कशाला गेलास?" या प्रश्नाला त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. अकरावीला विज्ञान शाखा घ्यायची तर घरापासून दूर खोली करून राहणे भाग होते आणि ते आमच्या घराला झेपणारे नव्हते, एवढेच खरे कारण. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कला शाखा घेतली म्हणजे शेती आणि अभ्यास यांचा संबंध आता कायमचा तुटला, अशी माझी समजूत होऊन बसली होती.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी शेतीतील जोखमीविषयी शिकवताना मोहोळ तालुक्यातील शिरापूर या गावाचे नाव घेतले. आमच्या परंडा तालुक्यातून बार्शीमार्गे सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत येऊ शकेल, एवढ्या अंतरावरचे ते गाव! ते जगभरच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत कसे जाऊन बसले, या कुतूहलापोटी मी ग्रंथालयात वाचन सुरू केले. त्या वाचनाने माझी वरील समजूत चुकीची ठरवली. जे समजले ते आपल्यापुढे मांडावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

आपला मुलूख

'उष्ण कटिबंधातील शेती' असे शब्द वाचले की आपल्या डोळ्यांपुढे केळीच्या बागा आणि घनदाट जंगले येतात. परंतु उष्ण कटिबंधाचा फार मोठा भाग तसा नाही. वर्षातून दोन ते सात महिनेच पावसाचे पाणी बाष्पीभवनापेक्षा अधिक असते आणि उरलेले महिने जमीन वाळत राहते, अशा प्रदेशाला शास्त्रज्ञ अर्ध-शुष्क उष्ण कटिबंध म्हणतात. आफ्रिकेतील सेनेगलपासून टांझानियापर्यंतचे कितीतरी मुलूख या पट्ट्यात येतात, आणि आपला धाराशिव जिल्हाही त्यातच येतो. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा व भुईमूग ही या पट्ट्याची पिके. म्हणजे आपल्या ताटातील भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी ही जगातील कोट्यवधी कोरडवाहू शेतकऱ्यांची सामायिक मालमत्ता आहे.

या शेतीचा प्रश्न केवळ पाऊस कमी असण्याचा नाही. तो केव्हा पडेल याचा भरवसा नसणे हा खरा प्रश्न होय. सोलापूरकडे आणि आमच्या बाजूला मृगाचा पाऊस कधी येतो, कधी हुलकावणी देतो. श्रावणाच्या सुमारास मोठी उघडीप पडते. आणि सप्टेंबरात, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या सुमारास, त्यातल्या त्यात खात्रीचा पाऊस होतो. या एका गोष्टीवर आमच्याकडील सगळी पीकपद्धती उभी आहे.

जुने संशोधन

कोरडवाहू शेतीचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. परंतु जमिनीचे पृथक्करण करता करता त्यांच्या लक्षात आले असावे की, माती समजली तरी शेतकरी समजत नाही. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावातील जमिनीचे तुकडे, कर्ज, मजुरी व प्रपंचाचा खर्च यांची घरोघर पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९२१ साली जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची तशीच पाहणी त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह प्रसिद्ध केली. हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनातील मोठे नाव झाले. १९३३ पासूनच्या काही वर्षांत सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी व रोहतक अशा पाच ठिकाणी कोरडवाहू संशोधनाची केंद्रे निघाली. समपातळीत बांध घालावेत, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, पेरणीपूर्वी कुळवाच्या पाळ्या वारंवार घालाव्यात, बी विरळ पेरावे, अशा ज्या शिफारशी आपण आज सहज सांगतो त्या या काळात तपासून पक्क्या झालेल्या आहेत. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण १९३० च्या दशकात तयार झाला. त्यानंतर कितीतरी वाण आले, तरीही आमच्याकडे शाळू म्हटले की आजही अनेक जण मालदांडीचेच नाव घेतात.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गावाची पाहणी करणारा माणूस आणि मातीचा अभ्यास करणारा माणूस त्या काळी वेगळा नव्हता.

१९७२ आणि त्यानंतर

१९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यातील घराघरांत अजून सांगितला जातो. माझी आजी त्या वर्षी खडी फोडायला जात होती. सुकडी आणि मिलो हे शब्द मी तिच्याच तोंडून ऐकले. त्याच १९७२ साली परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली (२०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव आहे), आणि त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरू येथे अर्ध-शुष्क उष्ण कटिबंधातील पिकांसाठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, म्हणजे इक्रिसॅट, स्थापन झाली. सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग आपल्या जिल्ह्यातील नळदुर्ग व उमरगा या गावांवरून पुढे पाटणचेरूला जातो. त्या रस्त्याने हैदराबादला गेलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी या संस्थेचे कुंपण एस. टी.च्या खिडकीतून पाहिलेही असेल. फक्त आत आपल्याच ज्वारी-तुरीचा अभ्यास चालतो हे ठाऊक नसेल. तेथील जनुकपेढीत निरनिराळ्या देशांतून गोळा केलेले सव्वा लाखाच्या आसपास बियाण्यांचे नमुने थंड खोल्यांत जपून ठेवलेले आहेत.

या संस्थेने पैदासकार, कीटकशास्त्रज्ञ, मृदाशास्त्रज्ञ नेमले हे ओघानेच आले. परंतु तिने आरंभापासून अर्थशास्त्रज्ञही नेमले. नवे वाण आणि नवी अवजारे तयार होतील, पण ती ज्याच्यासाठी करायची तो शेतकरी आज नेमके काय करतो आणि तसे का करतो, हे कोणी नीट लिहून ठेवलेले नाही, अशी अडचण त्यांच्यापुढे होती. ती दूर करण्यासाठी १९७५ साली ग्रामपातळीवरील अभ्यासाला प्रारंभ झाला.

शिरापूर आणि कळमण

या अभ्यासासाठी तीन जिल्ह्यांतील सहा गावे निवडली गेली. मेहबूबनगर जिल्ह्यातील ऑरेपल्ली व डोकूर, अकोला जिल्ह्यातील कान्झरा व किनखेडा, आणि सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली. त्यांत दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान, दहा मध्यम आणि दहा मोठ्या शेतकऱ्यांची. एकूण २४० कुटुंबे.

त्यांची पद्धत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक गावात एक अन्वेषक कायमचा राहावयास गेला. हे अन्वेषक बहुधा ग्रामीण भागातूनच आलेले आणि शेती-अर्थशास्त्र शिकलेले तरुण असत. दर तीन-चार आठवड्यांनी ते प्रत्येक घरी जात आणि लिहून घेत: कोणत्या तुकड्यात काय पेरले, किती बी, किती खत, माणसांचे तास किती, बायकांचे किती, बैलांचे किती, काय विकले, काय उसने आणले, काय घरी खाल्ले, कोणाला आहेर केला. एका भेटीत माणूस सांगतो त्यापेक्षा वर्षभर ओळख झालेल्या माणसाला तो वेगळे सांगतो, हे आपण खेड्यातील मुलांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिरापूर, कान्झरा व ऑरेपल्ली येथे हे काम सलग दहा वर्षे चालले आणि २००० नंतर पुन्हा हाती घेण्यात आले. पहिल्या दहा वर्षांच्या नोंदींवर थॉमस वॉकर व जेम्स रायन यांनी लिहिलेला ग्रंथ १९९० साली निघाला.

याच गावांमध्ये हान्स बिन्स्वांगर या अर्थशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. लहान शेतकरी नवे बियाणे आणि खत घेत नाही, कारण तो मुळातच भित्रा असतो, असे त्या काळी (आणि आजही) अनेक शिकलेली माणसे म्हणत. हे खरे की खोटे, ते पाहण्यासाठी त्याने शेतकऱ्यांपुढे नाणेफेकीचे पर्याय ठेवले. पहिल्या पर्यायात छाप पडो की काटा, ५० रुपये निश्चित. मधल्या एका पर्यायात एका बाजूला ३० तर दुसऱ्या बाजूला १५० रुपये. शेवटच्या पर्यायात एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला २०० रुपये. पैसे खरोखरीच दिले जात. दिवसभराची मजुरी थोड्याच रुपयांची असलेल्या त्या काळात हा खेळ पोरखेळ नव्हता. आधी ५० पैशांवर, मग ५ रुपयांवर आणि नंतर ५० रुपयांवर असा तो वाढवत नेला.

त्यातून असे दिसले की, रक्कम लहान असताना पुष्कळ जण धाडसी पर्याय घेतात. रक्कम वाढली की बहुतेक सगळे मधल्या, बेताच्या सावधपणाकडे वळतात. आणि मुख्य म्हणजे, या बाबतीत श्रीमंत आणि गरीब यांच्यात फारसा फरक आढळला नाही. दोघांचा स्वभाव जर सारखाच, तर मोठा शेतकरी खत टाकतो आणि लहान टाकत नाही, याचे कारण स्वभावात शोधून उपयोग नाही. ते हातातील पैशात, वेळेवर न मिळणाऱ्या कर्जात आणि एक हंगाम बुडाला तर उभे राहण्यासाठी मागे काय आहे, यात शोधले पाहिजे. हे मी वाचले तेव्हा मला फार बरे वाटले, हे कबूल करतो. "शेतकरी अडाणी आहे, त्याला बदल नको असतो" हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो होतो, आणि दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे माझे वडील येत असत.

पडीक ठेवलेले रान

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. आमचे ओढ्याकाठचे खोल काळे रान अण्णा पावसाळ्यात मोकळे ठेवतात. मध्यम रानात सोयाबीन आणि तूर असते, पण काळ्या रानात जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसत्या कुळवाच्या पाळ्या. आजूबाजूचे लोक सर्वत्र सोयाबीन पेरू लागले तेव्हा मला वाटे की अण्णांचे चुकते. चार महिने जमीन फुकट जाते. एकदा मी तसे बोलूनही दाखवले. अण्णा म्हणाले, "फुकट जात न्हाई, पाणी पीत असती ती. पावसाळ्यात पेरावं तर चिखलात औत घालता येत न्हाई, तण माजतं. वरनं पावसानं ताण दिला की ते पीक बी गेलं आन् शाळूची वल बी गेली. हस्त झाला, वाफसा आला की शाळू पेरायचा. मग वरनं थेंब न्हाई पडला तरी भाकरी निघती."

नेमका हाच प्रश्न पाटणचेरूच्या शास्त्रज्ञांपुढे होता. खोल काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीक राहतात, त्या पिकाखाली आणल्या तर वर्षाला दोन पिके निघतील, असा त्यांचा हिशेब होता. त्यासाठी त्यांनी रुंद वरंबा व सरी ही पद्धत बसवली. सुमारे दीड मीटरच्या अंतराने वरंबे व सऱ्या हलक्या उतारावर काढायच्या. जास्त झालेले पाणी सरीतून निघून जाते, वरंब्यावरील पीक चिबडत नाही. बैलांनी ओढायचे चाकांचे एक बहुउद्देशीय औतही त्यासाठी पुढे आणले गेले. प्रयोगक्षेत्रावर ही पद्धत उत्तम चालली.

परंतु गावांतील नोंदी आणि पावसाच्या आकडेवारीचे विश्लेषण वेगळे सांगत होते. जेथे पावसाळ्यातील पाऊस खात्रीचा आहे तेथे ही पद्धत लाभते. सोलापूरसारख्या बेभरवशाच्या पावसाच्या भागात पावसाळ्यात रान मोकळे ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. खोल काळी जमीन आपल्या पोटात सुमारे २०० मिलीमीटर पाणी पिकासाठी साठवून ठेवू शकते. ज्याला आपण आळस समजत होतो ती खरे म्हणजे पाण्याची बँक होती. त्या औताचेही तसेच झाले. जगभरातील अशा औतांचा आढावा घेणारे पॉल स्टार्की यांचे पुस्तक १९८८ साली निघाले. 'परिपूर्ण केलेली, तरीही नाकारलेली' अशा अर्थाचे शब्द त्याच्या नावातच आहेत.

येथे कोणी असे समजू नये की मी शास्त्रज्ञांना कमी लेखतो. आपल्या प्रयोगाच्या मर्यादा आपल्याच नोंदींतून दाखवून देणे, हा संशोधनाचा मोठेपणा होय. आणि रुंद वरंबा-सरी ही पद्धत वाया गेली नाही. आज सोयाबीनसाठी तिचे ट्रॅक्टरवरील पेरणीयंत्र आपल्या जिल्ह्यातही दिसते, कारण सोयाबीनला उभे पाणी सोसत नाही. गोष्ट एकच, पण कोणत्या रानात, कोणत्या पावसात आणि कोणाच्या हातात, यावर तिचे बरेवाईट ठरते.

कडब्याचेही असेच आहे. बुटक्या संकरित ज्वारीचे दाणे अधिक उतरत असूनही रब्बीत शेतकरी मालदांडी सोडीना. कारण तो दाण्याबरोबर कडबाही मोजत होता. जनावरे जगली तर शेण, दूध आणि औत. हा हिशेब अभ्यासातून स्पष्ट झाल्यावर कडब्याचे वजन व त्याची प्रत हीसुद्धा वाण निवडताना पाहावी लागते, हे संशोधकांनी मान्य केले.

तुरीच्या बाबतीत मात्र प्रयोगशाळेचे ऋण मानलेच पाहिजे. मर रोग आणि वांझ रोग यांनी उभी तूर वाळताना किंवा शेंगेविना हिरवीगार राहताना आपण पाहिली आहे. या दोन्ही रोगांना दाद न देणारा 'आशा' हा वाण १९९३ साली प्रसारित झाला. आपल्या मराठवाड्यातील बदनापूरच्या केंद्रानेही रोगप्रतिकारक वाण दिले. २०१८ साली परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हा लोह व जस्ताचे प्रमाण अधिक असलेला ज्वारीचा वाण आणला. ही कामे वहीतील नोंदींनी झाली नसती, हेही तितकेच खरे.

टिकाऊ पीक म्हणजे काय?

'शाश्वत शेती' हा शब्द आज भाषणांतून फार ऐकू येतो. मला समजलेला त्याचा अर्थ साधा आहे. यंदाचे पीक काढताना पुढच्या वर्षीचे पीक देण्याची जमिनीची ताकद शिल्लक राहिली पाहिजे, आणि ते पीक काढणाऱ्या माणसाचीही.

२०२५ च्या सप्टेंबरात परंडा व भूम भागात अतिवृष्टी होऊन पूर आला. आमच्या ओढ्याकाठच्या रानातील वरची माती एका रात्रीत वाहून गेली आणि खालचा मुरूम काही ठिकाणी उघडा पडला. अण्णा त्या दिवशी पिकाविषयी काहीच बोलले नाहीत; पीक तर तेथे नव्हतेच. ते एवढेच म्हणाले, "पीक गेलं तर वर्ष जातं. माती गेल्यावर काय जातं, ते तूच सांग." जी जमीन पाणी साठवते म्हणून आम्ही चार महिने मोकळी ठेवत होतो, तिचे पोटच कमी झाले. आणि मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की, मोकळे व भुसभुशीत ठेवलेले रान मोठ्या पावसात अधिक धुपते हा या पद्धतीचा दोष शास्त्रज्ञ पूर्वीपासून सांगत आलेले आहेत. म्हणजे शेतकरी बरोबर होता आणि शास्त्रज्ञही बरोबर होते. पाऊस बदलत चालला तर अण्णांचा जुना हिशेब कितपत चालेल? बांधावर काय लावावे, पावसाळ्यात जमीन झाकणारे उडदासारखे थोड्या दिवसांचे पीक घेऊन मागून शाळू साधतो का, हे प्रश्न पुन्हा नव्याने तपासले पाहिजेत. ते प्रयोगक्षेत्रावर तपासावे लागतील आणि घराघरांतूनही.

आपल्यासाठी कोणते दार उघडे आहे?

आधी बंद दाराविषयी बोलू. कृषी पदवीला प्रवेश मिळण्यासाठी बारावी विज्ञान लागते. कला शाखेतून पैदासकार किंवा रोगशास्त्रज्ञ होता येत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. परंतु शेती-संशोधन तेवढेच नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एम. ए. करून शेतीच्या अर्थकारणात संशोधन करता येते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून हे काम करीत आली आहे. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या काळात झालेली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी प्रसिद्धच आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्याला जमीन, पाणलोट आणि उपग्रहाच्या चित्रांवरून होणारा पिकांचा अभ्यास खुला आहे. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपूरलाच आहे. समाजशास्त्र घेतलेल्यांसाठी तर आपल्या तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर आहे. आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनीही आपण यात कोठे, असे म्हणू नये. संशोधन शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत लिहिणे हे मोठे काम आहे. परभणीचे 'शेतीभाती', राज्याच्या कृषी खात्याचे 'शेतकरी' ही मासिके चाळून पाहावीत आणि आपल्या वडिलांना त्यातील कोणता लेख समजला व कोणता नाही, हे विचारावे.

या सर्वांसाठी दोन गोष्टी मात्र शिकल्याच पाहिजेत. पहिली, संख्याशास्त्र; त्याची भीती बाळगून चालणार नाही. दुसरी, इंग्रजी, आपल्याच शिरापूरविषयी वाचायला मला शब्दकोश घेऊन बसावे लागले, याची लाज वाटण्यापेक्षा तो कोश झिजवणे बरे. उरलेले भांडवल आपल्याजवळ आहे. वाफसा म्हणजे काय, तास आणि पाटा यांत फरक काय, उसनवारीला कोण जाते आणि कोण जात नाही, हे शहरातील हुशार विद्यार्थ्याला महिनाभर शिकावे लागेल. आपण ते घेऊनच वर्गात बसतो. पण ते ज्ञान आहे असे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

वहीची गोष्ट

हे सारे वाचून मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दोनशे पानी वही आणली आणि आमच्या घरचा हिशेब शिरापूरच्या पद्धतीने लिहू लागलो. पहिल्या दिवशी लिहिले, "अण्णा, काळ्या रानात बांध घालणे, आठ तास." रात्री ते मोठ्याने वाचून दाखवले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आन् माती कुणी वाहिली रं? माझं नाव कुठं हाय त्यात?" खरोखरच तिचे नाव नव्हते. ती दिवसभर अण्णांबरोबर बांधावर होती. त्याआधी शेणगोठा, धार, पाणी आणि स्वयंपाक. आणि त्यानंतर पुन्हा तेच. हे सर्व मी डोळ्यांनी पाहिले होते आणि तरीही लिहिले नव्हते. शिरापूरच्या नोंदवहीत बायकांच्या तासांसाठी वेगळा रकाना होता, हे मी वाचले होते. पण तो रकाना का हवा, ते मला आईने शिकवले.

दुसऱ्या दिवसापासून रकाना आखला. तेव्हापासून ती वही घरातील सगळ्यांची झाली आहे. मी महाविद्यालयात असलो की धाकटी बहीण लिहिते. "लिहून काय होतंय?" असे पहिल्या दिवशी विचारणारे अण्णा हल्ली फोनवर, "काल बियाण्याची पिशवी आणली, ती लिहायची ऱ्हायली," अशी आठवण करून देतात. या वहीने आमची वाहून गेलेली माती परत येणार नाही. पण पुढच्या वर्षी बांधाला आणि बियाण्याला नेमका किती खर्च आला, कोणत्या रानाने किती दिले, कोणाचे किती कष्ट गेले, हे आमच्या घराला प्रथमच अंदाजाने नव्हे तर आकड्याने माहीत असेल.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे आणि पुष्कळांना माझ्यासारखाच तो प्रश्न विचारला गेला असेल. मॅन आणि कानिटकरांनी एक-एक गाव लिहिले, इक्रिसॅटने सहा गावे लिहिली. आपल्या धाराशिव जिल्ह्यात सातशेंहून अधिक गावे आहेत, आणि आपल्या महाविद्यालयात त्यांपैकी कितीतरी गावांतील मुलेमुली शिकतात. प्रत्येकाने आपल्या घरची एक वही एक वर्ष जरी प्रामाणिकपणे लिहिली आणि आमच्या अर्थशास्त्र व भूगोल विभागांतील गुरुजनांनी ती तपासून दिली, तरी पुढील वार्षिक अंकासाठी आपल्याजवळ सांगण्यासारखे खूप काही जमा होईल. माझी वही मी दाखवायला तयार आहे. त्यात चुका आहेत. त्या दाखवून द्याव्यात, ही विनंती.

आता गावात कोणी विचारले की "आर्टला कशाला गेलास?", तर माझ्याजवळ उत्तर आहे. आमच्या शेतात काय चालते आणि ते तसेच का चालते, हे नीट लिहायला शिकण्यासाठी मी आलो आहे.